वेदनेचे पहिले वाचन : ‘द होली बायबल’ या पंक अल्बममधील मनोव्यथेचा आविष्कार

१. प्रश्नाची मांडणी

वेल्समधील ‘मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स’ या चौघांच्या रॉक वाद्यवृंदाचा ‘द होली बायबल’ हा तिसरा अल्बम ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तेरा गाणी असून त्यांचा एकूण अवधी सुमारे ५६ मिनिटांचा आहे. देहाची घृणा, अन्नत्याग, स्वतःचा बाजार, मृत्यूची ओढ, शिक्षा आणि संहार ही त्याची आशयसूत्रे आहेत. यांतील बहुतांश शब्द रिची एडवर्ड्‌स याचे असून उरलेले निकी वायर याचे आहेत. संगीत जेम्स डीन ब्रॅडफील्ड आणि शॉन मूर यांचे आहे व गायन ब्रॅडफील्डचे आहे. अल्बम निघाला त्या उन्हाळ्यात एडवर्ड्‌स मानसिक उपचारांसाठी रुग्णालयात होता. १ फेब्रुवारी १९९५ रोजी तो लंडनमधील एका हॉटेलातून बाहेर पडला आणि त्यानंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये कायद्याने त्याला मृत मानण्यात आले.

या घटनाक्रमामुळे अल्बमच्या आकलनाला एक ठरावीक वळण लागले. प्रत्येक ओळ ही पुढे जे घडले त्याची पूर्वसूचना, आणि संपूर्ण अल्बम म्हणजे एक लांबलेले निरोपाचे पत्र, असा अर्थ रूढ झाला. हा अर्थ भावनिकदृष्ट्या समजण्यासारखा असला तरी वाङ्मयीनदृष्ट्या तो अपुरा आहे. त्यात दोन गोष्टी हरवतात. पहिली, या गाण्यांतील ‘मी’ बहुतेक ठिकाणी लेखकाहून वेगळा, योजनापूर्वक उभा केलेला निवेदक आहे. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, हे शब्द लिहिणारा आणि ते गाणारा या दोन भिन्न व्यक्ती आहेत. श्रोत्याच्या कानी पडते ती एका व्यथित माणसाची थेट कबुली नसून त्याच्या मित्राने त्या शब्दांचे केलेले वाचन असते. या अल्बमचे बळ या दुहेरी अंतरात आहे, ही भूमिका प्रस्तुत लेखात तपासून पाहिली आहे.

२. पंक संगीत आणि मनोव्यथा

मानसिक आजार हा विषय पंक संगीताला नवा नव्हता. अमेरिकेतील ‘रामोन्स’ या वाद्यवृंदाने १९७७ व १९७८ या दोन वर्षांतच मेंदूवरील शस्त्रक्रिया, विजेचे झटके आणि गुंगीची औषधे यांवर गाणी रचली होती. त्यांचा सूर विनोदी चित्रपट्टीचा आहे. वेड हे तेथे शहरी तरुणाने मिरवलेले एक सोंग ठरते. १९८३ मध्ये ‘स्यूसायडल टेंडन्सीज’ या कॅलिफोर्नियातील वाद्यवृंदाने ‘इन्स्टिट्यूशनलाइझ्ड’ या गाण्यात निराळी भूमिका घेतली. तेथे मुलगा वेडा नाही. त्याचे म्हणणे ऐकून न घेता त्याला वेडा ठरवणारे आईवडील आणि व्यवस्था हा गाण्याचा रोख आहे. या दोन्ही प्रवृत्तींत मनोव्यथा बाहेरच्या जगाशी भांडण्याचे साधन बनते. तिच्या आत उतरण्याचे प्रयोजन तेथे नसते.

आत उतरण्याचा प्रयत्न पंकच्या पुढच्या पिढीत, विशेषतः मँचेस्टर परिसरातील ‘जॉय डिव्हिजन’च्या गीतांत दिसतो. या वाद्यवृंदाचा गायक व गीतकार इयन कर्टिस याने मे १९८० मध्ये आत्महत्या केली आणि ‘क्लोजर’ हा दुसरा अल्बम त्यानंतर जुलैमध्ये बाहेर पडला. मृत्यूच्या प्रकाशात कृती वाचण्याची रॉक समीक्षेची सवय येथे घट्ट झाली. कर्टिस स्वतःच लिहीत व गात असल्यामुळे त्या वाचनाला वरवरचा आधार तरी होता. ‘द होली बायबल’ला तीच पद्धत लावताना मात्र हा आधारही उरत नाही, हे पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही.

३. निर्मितीची पार्श्वभूमी

वाद्यवृंदातील चौघेही दक्षिण वेल्समधील ब्लॅकवूड या गावचे. कोळशाच्या खाणींवर उभा असलेला हा प्रदेश. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप फसला तेव्हा ही मुले ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर होती. शेजारची ओकडेल येथील खाण १९८९ मध्ये बंद झाली. एडवर्ड्‌सने स्वान्झी येथे विद्यापीठात राजकीय इतिहासाचे शिक्षण घेतले होते. पंकचा आवेश, ग्रंथवाचनाची भूक आणि पराभूत कामगारवस्तीचा संताप हे तिन्ही घटक या वाद्यवृंदात आरंभापासून एकत्र नांदतात.

१९९३ चा त्यांचा दुसरा अल्बम गुळगुळीत व खर्चिक निर्मितीचा होता. त्यावर उतारा म्हणून तिसऱ्या अल्बमसाठी त्यांनी कार्डिफमधील ‘साउंड स्पेस’ हा लहानसा, साधा स्टुडिओ निवडला. ध्वनी कोरडा, अंगावर येणारा आणि सजावटीपासून दूर ठेवला. एडवर्ड्‌स वाद्यवृंदात नावापुरता गिटारवादक होता; ध्वनिमुद्रणातील गिटार प्रायः ब्रॅडफील्डचीच आहे. म्हणजे एडवर्ड्‌सचे कार्य जवळजवळ पूर्णपणे लेखकाचे होते. तो शब्द लिहून देई आणि इतर त्यांना नाद देत. या श्रमविभागणीचे वाङ्मयीन परिणाम दूरगामी आहेत.

अल्बमच्या वेष्टनावर जेनी सॅव्हिल या चित्रकर्तीचे तीन फलकांचे चित्र आहे. एकाच स्थूल स्त्रीचा देह तीन बाजूंनी, खालून वर पाहिल्यासारखा त्यात दिसतो. आतील एका प्रमुख गाण्यात मात्र देह क्षीण होत नाहीसा होण्याच्या वाटेवर आहे. जागा व्यापणारा देह बाहेर आणि जागा नाकारणारा देह आत, हा विरोध अल्बमचे सूत्र सूचित करतो. येथे देह ही एक नजर सोसणारी वस्तू आहे आणि त्या नजरेत स्वतःचीही नजर सामील आहे.

४. निवेदक ‘मी’ आणि लेखक

‘फोर स्टोन सेव्हन पाउंड’ हे ते गाणे. ज्या वजनाखाली देह तगू शकत नाही असे मानले गेले, तो आकडा हेच त्याचे शीर्षक आहे. अन्न नाकारण्याच्या आजाराने ग्रासलेली एक किशोरवयीन मुलगी येथे बोलते. एडवर्ड्‌स स्वतः या आजाराशी झगडत होता हे खरे. तथापि त्याने हे निवेदन मुलीच्या मुखी घातले, आणि गाण्याच्या आरंभी एका माहितीपटातील अन्नत्यागी रुग्णाचा आवाज जोडला गेला. लिहिणारा पुरुष, बोलणारी मुलगी, गाणारा दुसरा पुरुष आणि आरंभी एका खऱ्या रुग्णाचा स्वर, अशी चार स्तरांची ही रचना आहे. निव्वळ आत्मकथन करावयाचे असते तर इतक्या आडपडद्यांची गरज नव्हती.

या मुलीचे बोलणे कीव मागत नाही. स्वतःवरील ताबा, स्वच्छता, हलकेपणा, इतरांहून श्रेष्ठ असल्याची भावना, अशा क्रमाने ती आपल्या कृतीचे समर्थन करीत जाते. गाण्याची पहिली बाजू तुटक आणि ठेचाळणाऱ्या लयीची आहे. मध्यानंतर अचानक गती मंदावते आणि जवळजवळ अंगाईसारखा डुलता, मृदू सूर सुरू होतो. शब्दांतील अवस्था अधिकाधिक भयावह होत असताना नाद अधिकाधिक सुखद होतो. आजार आतून कसा भासतो याचे हे अत्यंत अचूक चित्र आहे. बाहेरून जी ओहोटी दिसते ती आत असणाऱ्याला विजय वाटते. ही विसंगती शब्दांनी सांगितली असती तर ती निव्वळ माहिती ठरली असती. संगीताने ती श्रोत्याच्या शरीरात उतरवली आहे.

‘डाय इन द समरटाइम’ या गाण्याबाबतही हाच मुद्दा लागू पडतो. त्याचा वक्ता आयुष्याच्या अखेरीस बालपणाकडे, आपल्या सर्वांत सुखाच्या काळाकडे, वळून पाहणारा वृद्ध आहे, असे एडवर्ड्‌सने स्वतः सांगितले होते. हे सांगणे म्हणजे केवळ बचाव होता, असे मानणारे अनेक आहेत. तो बचाव असेलही. परंतु २६ वर्षांच्या लेखकाला आपली मृत्यूची ओढ मांडण्यासाठी वृद्धाचे वय उसने घ्यावेसे वाटले, ही गोष्टच अर्थपूर्ण आहे. ज्या वयात अशी इच्छा इतरांना समजू शकेल ते वय त्याने निवडले. मुखवटा येथे सत्य लपवीत नाही. सत्य ऐकून घेतले जावे म्हणून तो धारण केलेला आहे. पहिल्याच ‘येस’ या गाण्यात वेश्याव्यवसायाच्या प्रतिमेतून स्वतःला विकण्याचा अनुभव येतो, तोही असाच परकायाप्रवेशाने.

मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) या ग्रंथात आत्मनिष्ठेची कसोटी मांडली. ती कसोटी येथे उपयुक्त ठरते. आत्मनिष्ठा म्हणजे चरित्रातील तपशिलांशी इमान नव्हे. अनुभवाच्या स्वरूपाशी इमान होय. एडवर्ड्‌सची मुलगी व त्याचा वृद्ध हे दोघेही चरित्रदृष्ट्या खोटे आहेत, पण अनुभवाच्या स्वरूपाशी ते तंतोतंत प्रामाणिक आहेत.

५. आजाराची तर्कशुद्धता

मनोव्यथेच्या लोकप्रिय चित्रणात बुद्धी आणि आजार यांना परस्परविरोधी मानले जाते. विचारशक्ती ढासळली की आजार, ती परत आली की बरे होणे, असा समज असतो. ‘द होली बायबल’ या समजाला थेट छेद देतो. येथील निवेदक अतिशय वाचलेले, तल्लख आणि युक्तिवादात तरबेज आहेत. किंबहुना त्यांची बुद्धी हेच आजाराचे हत्यार बनले आहे.

‘फास्टर’ हे गाणे याचा नमुना आहे. त्याचा निवेदक नॉर्मन मेलर, सिल्व्हिया प्लाथ, हॅरल्ड पिंटर अशा साहित्यिकांची नावे घेऊन आपण त्यांच्याही पलीकडे गेल्याचे जाहीर करतो. वाक्ये सूत्रांसारखी छोटी, अव्यये गाळलेली आणि पूर्ण आत्मविश्वासाची आहेत. ऐकणाऱ्याला प्रथम वाटते की ही विजयाची घोषणा आहे. मात्र गाणे पुढे सरकते तसे ध्यानात येते की या वक्त्याजवळ आत्मशिस्तीखेरीज काहीही उरलेले नाही, आणि ती शिस्तही स्वतःवरच उगारलेली आहे. जून १९९४ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात ब्रॅडफील्डने तोंड झाकणारी काळी टोपी घालून हे गाणे गायिले. लष्करी वेशातील त्या सादरीकरणाविरुद्ध प्रेक्षकांच्या तक्रारींचा ओघ लागला. टोपीकडे दहशतवादाचे चिन्ह म्हणून पाहिले गेले. गाण्यातला हिंसेचा रोख स्वतःकडे आहे, हे त्या गदारोळात दुर्लक्षित राहिले.

‘आर्काइव्ह्‌ज ऑफ पेन’मध्ये हीच कठोर तर्कबुद्धी बाहेर वळते. क्रूर खुन्यांना देहदंड मिळावा अशी मागणी करणारा तेथील स्वर फुकोच्या शिक्षाविचाराशी वाद घालतो. हे गाणे अस्वस्थ करणारे आहे आणि त्याची भूमिका मान्य करणे कठीण आहे. पण अल्बमच्या संदर्भात ते सुटे पडत नाही. जो स्वतःला क्षमा करीत नाही तो जगालाही क्षमा करू शकत नाही, ही मनोवस्था त्यातून प्रकट होते. निवेदकाच्या दृष्टीने अपराध आणि शिक्षा यांखेरीज नैतिक जगात तिसरे काही शिल्लकच नाही. दयेचा अभाव हे येथे मत नाही, लक्षण आहे.

६. व्यक्तिगत व्यथा आणि इतिहास

या अल्बमवरील सर्वांत गंभीर आक्षेप पुढीलप्रमाणे मांडता येतो : एका तरुणाचे वैयक्तिक दुःख आणि नाझी छळछावण्यांतील संहार यांना एकाच दालनात ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? वाद्यवृंदाने डाखाउ व बेल्सन येथील छावण्यांना भेट दिली होती. ‘मॉसोलियम’ आणि ‘द इंटेन्स हमिंग ऑफ इव्हिल’ ही दोन गाणी त्या अनुभवातून आली. दुसऱ्या गाण्याच्या आरंभी न्यूरेंबर्ग खटल्याच्या वार्तांकनाचा आवाज आहे आणि पाठीमागे यंत्राचा एकसुरी ठोका चालू राहतो.

या आक्षेपाचे उत्तर अल्बमच्या घडणीतच काही अंशी सापडते. ‘द इंटेन्स हमिंग ऑफ इव्हिल’चा पहिला खर्डा पुरेसा निवाडा करणारा नाही, या विषयावर तटस्थ राहता येत नाही, असे ब्रॅडफील्डला वाटले व त्याने एडवर्ड्‌सला तो पुन्हा लिहावयास सांगितले. हा प्रसंग लहान असला तरी उद्बोधक आहे. आजारी मनाला सर्व यातना सारख्याच वाटू लागतात. स्वतःची आणि जगाची वेदना यांतली सीमारेषा पुसट होते. त्या क्षणी मित्राने ती रेषा पुन्हा आखून मागितली. अल्बमच्या अंतर्भागात चाललेली ही समीक्षा आहे. छावण्यांवरील गाणी त्यामुळे स्वदुःखाचे रूपक बनण्यापासून बव्हंशी वाचतात. ‘रिव्हॉल’सारख्या गाण्यात मात्र असा धाक दिसत नाही. तेथे रशियन क्रांतीतील व नंतरच्या सत्ताधीशांची नावे लैंगिक शेऱ्यांसह ओवलेली आहेत. ती चमकदार वाटतात, पण अर्थ साठत नाही. अल्बमची ही उणी बाजू मान्य करावयास हवी.

७. गाणाऱ्याचे वाचन

एडवर्ड्‌सचे शब्द गाण्यासाठी लिहिलेले वाटत नाहीत. ओळींची लांबी असमान आहे, क्रियापदे गाळलेली आहेत, एकेका ओळीत विशेषनामांची दाटी आहे आणि यमकाची पर्वा फारशी नाही. ब्रॅडफील्डला हे शब्द चालीत बसवताना कित्येक ठिकाणी आघात चुकीच्या अक्षरावर द्यावा लागतो, शब्द मधेच तोडावा लागतो, किंवा अर्धी ओळ एका श्वासात कोंबावी लागते. प्रथमश्रवणी शब्द कळत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. पण याच ओढाताणीतून अल्बमचा खरा नाद घडला आहे. गायक शब्दांशी झगडतो आहे, त्यांच्यात मावण्याचा प्रयत्न करतो आहे, हे ऐकू येते. मूरचे ड्रम ही झटापट काटेकोर चौकटीत बांधून ठेवतात.

मराठी श्रोत्याला हे अंतर ओळखता यावे अशी त्याची घडण आहे. भावगीताच्या परंपरेत कवी, संगीतकार आणि गायक यांची भूमिका स्वतंत्र असते. ‘गीतरामायण’ (१९५५-५६) ऐकताना माडगूळकरांचे शब्द, फडक्यांचे स्वर आणि गीतातील पात्राचे मनोगत यांची गल्लत कोणी करीत नाही. रॉक संगीतात मात्र गाणारा तोच भोगणारा, असा रोमँटिक समज प्रबळ राहिला. या समजाने ‘द होली बायबल’चे सर्वाधिक नुकसान केले आहे.

ब्रॅडफील्डचा आवाज भरदार, निरोगी आणि ताकदीचा आहे. अन्नत्यागी मुलीचे किंवा मरू इच्छिणाऱ्या वृद्धाचे शब्द तो क्षीण आवाजात, रडवेल्या ढंगाने गात नाही. तो ते पूर्ण दमाने गातो. म्हणून या गाण्यांत एक विलक्षण ताण निर्माण होतो : शब्द जीवन नाकारतात आणि आवाज ते नाकारणे मान्य करीत नाही. रसविचाराच्या परिभाषेत बोलावयाचे तर शब्दांत बीभत्साचे आधिक्य आहे, तर स्वरात उत्साह हा स्थायिभाव टिकून आहे. हा उत्साह शब्दांचा अर्थ खोडून काढत नाही. तो त्यांना सोबत करतो. मनोव्यथेत सापडलेल्या माणसाला बहुधा हेच दुर्मीळ असते. त्याचे म्हणणे घाबरून न थांबवता, सौम्य न करता, अखेरपर्यंत कोणी ऐकून घेत नाही. येथे ते शब्दशः उच्चारले गेले.

अर्थात या सोबतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ऐकून घेणे म्हणजे वाचवणे नव्हे. १९९४ च्या उन्हाळ्यात एडवर्ड्‌स रुग्णालयात असताना उरलेले तिघे महोत्सवांत त्याच्यावाचून वाजवीत होते. तो परतला, दौऱ्यावर गेला, आणि डिसेंबरमध्ये लंडनच्या ‘अस्टोरिया’ नाट्यगृहात चौघांचा अखेरचा कार्यक्रम वाद्यांच्या मोडतोडीत संपला. कलेने रुग्ण बरा होतो किंवा कलेसाठी रुग्णाने असेच राहावे, या दोन्ही कल्पना या इतिहासापुढे टिकत नाहीत. एडवर्ड्‌सच्या वेदनेला ‘अस्सलपणाचे’ प्रमाणपत्र मानणाऱ्या चाहत्यांनी व नियतकालिकांनी दुसऱ्या कल्पनेला खतपाणी घातले, हे नोंदवणे आवश्यक आहे.

८. समारोप

मे २००९ मध्ये वाद्यवृंदाने ‘जर्नल फॉर प्लेग लव्हर्स’ हा अल्बम काढला. एडवर्ड्‌सने जाण्यापूर्वी सहकाऱ्यांच्या हाती सोपवलेल्या शब्दांवर तो संपूर्णपणे बेतलेला आहे, आणि त्याच्याही वेष्टनावर सॅव्हिलचे चित्र आहे. १४ वर्षांनंतर तेच मित्र त्याच हस्तलिखितांपुढे वाचक म्हणून पुन्हा बसले. २०१४ व २०१५ मध्ये त्यांनी ‘द होली बायबल’ अखंड सादर केला, तेव्हा पंचविशीत गायिलेली ती गाणी गाणारा ब्रॅडफील्ड पंचेचाळिशीत आला होता. शब्द लिहिणाऱ्याचे वय मात्र जेथे थांबले होते तेथेच राहिले. लेखक आणि वाचक यांतील अंतर या प्रयोगांत काळाचे अंतर बनून सामोरे आले.

निरोपाचे पत्र एकदाच वाचले जाते, आणि त्याचा अर्थ घटनेने आधीच ठरवून टाकलेला असतो. ‘द होली बायबल’ पुनःपुन्हा वाचला जातो, कारण त्याचा पहिला वाचक त्या कृतीच्या आतच उपस्थित आहे. मनोव्यथेच्या वाङ्मयाकडे पाहताना समीक्षेने रुग्णाच्या चरित्राचा पुरावा शोधण्याऐवजी बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि त्यांच्यामधील अंतर कोणत्या रूपाने साकारले आहे, हे विचारणे अधिक न्याय्य ठरेल. रुग्णाला केवळ त्याच्या अंतावरून ओळखणे ही त्याच्या शब्दांची दुसऱ्यांदा केलेली उपेक्षा होय.